सीसीएनएचं मटेरियल घेताय? आधी पेटीचा खालचा थर बघा

आंब्याच्या सीझनमध्ये आमच्या देवगडच्या रस्त्याला पेट्या मांडलेल्या असतात. मुंबईची गाडी थांबते, माणूस उतरतो, पेटी उघडून वरचा थर बघतो, एक फळ नाकाला लावतो आणि पैसे देऊन मोकळा होतो, खालच्या थरात काय होतं ते त्याला थेट पनवेलला कळतं. मी बागायतदाराचाच मुलगा, असल्या गिऱ्हाईकांना हसत मोठा झालो, आणि सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटचा, अभ्यास करायची वेळ आली तेव्हा मी पण नेमकं तेच केलं.

झालं असं की २०२३ मध्ये ठरवलं, नेटवर्किंगचं सर्टिफिकेट काढायचं. डोंबिवलीच्या आत्येभावाकडे दोन जाड पुस्तकं पडून होती, गणपतीला येताना तो घेऊन आला. फुकट मिळाली म्हणून मी खूश, पहिली पन्नास पानं वाचली, मस्त समजलं, ओएसआय मॉडेलचे, म्हणजे नेटवर्कच्या कामाचे, सात लेयर वगैरे, म्हटलं हेच धरून बसायचं. ईआयजीआरपी नावाच्या राऊटिंग प्रोटोकॉलवर (राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) मी तीन आठवडे घालवले, त्याच्या मेट्रिकचा फॉर्म्युला पाठ केला. नंतर कळलं की ती पुस्तकं २००-१२५ या जुन्या पेपरची होती, तो पेपर फेब्रुवारी २०२० मध्येच बंद होऊन २००-३०१ आला आणि त्यात ईआयजीआरपी कॉन्फिगर करायला येतच नाही. कव्हरवर नंबर छापलेला होता, मीच बघितला नव्हता. मग घाईघाईत टेलिग्रामवरच्या पीडीएफ, एका क्लासच्या नोट्स, तीन वेगवेगळे व्हिडिओ कोर्स असं सगळं गोळा केलं आणि डिसेंबरमध्ये पेपर दिला तो फेल. फी ३०० डॉलर अधिक टॅक्स, म्हणजे तीस हजाराच्या आसपास. बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तू पण वरचो थर बघून पेटी घेतलंस."

दुसऱ्यांदा २०२४ च्या दिवाळीनंतर पास झालो. डोकं तेच होतं, लॅपटॉप पण तोच, ४ जीबी रॅमवाला. फरक फक्त मटेरियल निवडण्यात पडला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरणं सीसीएनएची आहेत कारण मला ती माहिती आहे, पण दुसरी परीक्षा देणार असाल तरी पद्धत हीच, शेवटाकडे त्याबद्दलही थोडं सांगतो.

आधी सिलॅबसची प्रिंट, बाकी सगळं नंतर

काहीही विकत घ्यायच्या आधी, काहीही डाऊनलोड करायच्या आधी, सिस्कोच्या साईटवरून २००-३०१ ची एक्झाम टॉपिक्सची पीडीएफ घ्या. फुकट आहे, थोडीच पानं आहेत. तिची प्रिंट काढा, झेरॉक्सवाल्याकडे वीस-पंचवीस रुपये होतील, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण आपल्याकडे जुलैमध्ये कागद काय नि पुस्तक काय, सगळ्याला बुरशी धरते. पीडीएफ मोबाईलमध्ये आहे ना, मग प्रिंट कशाला असं वाटेल, पण यावर आपण पेनाने लिहिणार आहोत, चार-पाच महिने. ही प्रिंट म्हणजे तुमचा तराजू. प्रत्येक पुस्तक, प्रत्येक कोर्स, प्रत्येक क्लास या तराजूत घालायचा.

त्यात सहा भाग आहेत. नेटवर्क फंडामेंटल्स २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १० टक्के, सिक्युरिटी १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. हे टक्के मटेरियल घेताना फार कामाला येतात. माझ्याकडच्या क्लासच्या नोट्समध्ये ओएसआय मॉडेल आणि केबलचे प्रकार यावर चाळीस पानं होती आणि ओएसपीएफ या राऊटिंग प्रोटोकॉलवर सहा, खरं तर राऊटिंगचा भाग सगळ्यात जास्त वजनाचा आहे. तेव्हा टक्के माहितीच नव्हते तर कळणार कसं.

आता त्या प्रिंटमध्ये एक गोष्ट बघा जी मी पहिल्या वेळी बघितलीच नाही, प्रत्येक टॉपिकची सुरुवात कुठल्या क्रियापदाने झालीय ती. काही ठिकाणी 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' लिहिलंय, काही ठिकाणी नुसतं 'डिस्क्राईब' किंवा 'एक्स्प्लेन', कुठे 'इंटरप्रिट', कुठे 'कंपेअर'. यात पेपरचं अर्धं गुपित आहे. सिंगल एरिया ओएसपीएफ 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' आहे, म्हणजे कमांड हाताला यायला पाहिजेत, नुसता व्हिडिओ बघून भागणार नाही. एसीएल (कुठलं ट्रॅफिक जाऊ द्यायचं त्याचे नियम), नॅट (आयपी ॲड्रेस बदलणं), व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक), इथरचॅनल (लिंक एकत्र बांधणं), हे पण तसंच. पण फर्स्ट हॉप रिडंडन्सी, म्हणजे एक राऊटर बंद पडला तर दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची सोय, एचएसआरपी वगैरे, त्याला 'डिस्क्राईब' लिहिलंय, म्हणजे ते कशासाठी असतं आणि कसं चालतं ते समजलं की पुरे. त्याच्या कमांड घोकत मी पहिल्या वेळी चार रात्री जागलो होतो.

तर दोन रंगाची पेनं घ्या, 'कॉन्फिगर' जिथे आहे तिथे लाल टिंब, बाकीच्यांना निळं. लाल टिंबवाल्यांना लॅब, म्हणजे स्वतः कमांड टाकून करायचा सराव, लागणार, निळ्यांना चांगलं वाचन किंवा व्हिडिओ. मटेरियलची अर्धी निवड इथेच होऊन जाते, अजून एक रुपया खर्च न करता.

व्हर्जनची भानगड

पेपरचा नंबर २००-३०१ तोच राहिला, पण २० ऑगस्ट २०२४ पासून त्याचं व्हर्जन १.१ चालू झालं. म्हणजे कव्हरवर २००-३०१ बघून घेतलेलं पुस्तकसुद्धा २०२० चं असू शकतं. मी दुसऱ्यांदा अभ्यास करत असतानाच हा बदल आला, पहिल्यांदा पोटात गोळा, मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघितली तर बहुतेक सगळं तेच. बदल कुठे, तर मुख्य करून ऑटोमेशनमध्ये: एआय आणि मशीन लर्निंगचा नेटवर्कमध्ये काय उपयोग हे आलं, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटमधून (अनेक उपकरणांची सेटिंग एकदम लावणारी टूल्स) पपेट आणि शेफ गेले, ॲन्सिबल राहिलं आणि टेराफॉर्म आलं. स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचच्या जाळ्यात डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणूनची पद्धत) रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू गार्ड, बीपीडीयू फिल्टर अशी नावं घालून टॉपिक दिले. बस, असे थोडे.

म्हणून माझं मत असं की कोणाकडे २०२० चं २००-३०१ चं पुस्तक स्वस्तात मिळत असेल तर सोडू नका. जे टॉपिक त्यात नाहीत ते प्रिंटवर गोल करून ठेवा आणि तेवढे नवीन व्हिडिओतून भरून काढा. पण २००-१२५, १००-१०५, २००-१०५ असं काही कव्हरवर असेल तर ते रद्दीत, कितीही फुकट असलं तरी, कारण त्यात नको ते आहे आणि हवं ते नाही. वायरलेस आणि ऑटोमेशन या दोन गोष्टी नंतर वाढल्या. आणि हो, तुम्ही हे वाचाल तेव्हा आणखी एखादा बदल आलेला असू शकतो, तेव्हा प्रिंट काढतानाच पीडीएफवरचं व्हर्जन बघून पहिल्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा.

खालचा थर बघायचा कसा

कुठल्याही कोर्सचे पहिले तीन व्हिडिओ झकासच असतात. बनवणाऱ्याला माहिती असतं की फ्री प्रिव्ह्यूमध्ये तेवढेच बघणार. पुस्तकाचं पहिलं प्रकरण पण तसंच, क्लासचं डेमो लेक्चर पण तसंच, त्या दिवशी चहासुद्धा मिळतो. तर तिथे बघायचंच नाही. मी तीन ठिकाणं ठरवून ठेवलीत, कोणी विचारलं की तीच सांगतो.

पहिलं ठिकाण ओएसपीएफ. डीआर-बीडीआर (राऊटरांच्या गटातला मुख्य आणि राखीव राऊटर) कसा निवडला जातो हे त्या कोर्समध्ये कसं शिकवलंय ते बघा. "ज्याची प्रायॉरिटी जास्त तो डीआर, सारखी असेल तर मोठा राऊटर आयडी" एवढं सांगून पुढे गेला तर वरवरचा माल. चांगला शिकवणारा पुढे सांगतो की एकदा डीआर ठरला की नंतर जास्त प्रायॉरिटीवाला राऊटर आला तरी तो आपोआप जागा घेत नाही, आणि ते 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' टाकून समोर दाखवतो. तेवढा दीड मिनिटाचा भाग सापडला की समजायचं माणूस खाली उतरून शिकवतोय.

दुसरं ठिकाण वायरलेस. यादीत वायरलेस लॅन कंट्रोलरची (वायफायचे ॲक्सेस पॉईंट चालवणारं उपकरण) स्क्रीन बघून सेटिंग समजली पाहिजे असं आहे. कोर्समध्ये ती स्क्रीन खरंच दाखवली आहे की नुसत्या स्लाईड वाचून दाखवल्यात?

तिसरं, शेवटचा भाग, ऑटोमेशन. इथे बहुतेक जण दमलेले असतात, शिकवणारे पण. जेसन (माहिती लिहायचा एक फॉरमॅट) दाखवलंय का, रेस्ट एपीआयमध्ये (प्रोग्रॅमने उपकरणाशी बोलायची सोय) गेट, पोस्ट, पुट, डिलीट कशासाठी ते सांगितलंय का, टेराफॉर्मचं नाव तरी आहे का. टेराफॉर्म नसेल तर कोर्स जुना आहे, 'लास्ट अपडेटेड' खाली काहीही महिना लिहिलेला असू दे. ती तारीख एखादा व्हिडिओ बदलला तरी बदलते, तिच्यावर जाऊ नका.

उडेमीवर आधी बघू देत नाहीत सगळं, पण पूर्ण यादी दिसते, ती प्रिंटशी ताडून बघता येते, आणि तीस दिवसांत पैसे परत मागायची सोय असते, तर घेतल्या घेतल्या पहिल्या व्हिडिओपासून सुरू करू नका, आधी ही तीन ठिकाणं बघा, पटलं नाही तर परत. आणि तीन-चार हजार लिहिलेला कोर्स पूर्ण किमतीला कधीच घेऊ नका, दर थोड्या दिवसांनी सेल लागतो तेव्हा चारशे-पाचशेला येतो.

एकच मुख्य सोर्स

हे सगळ्यात कठीण. कारण गोळा करायला मजा येते. माझ्या लॅपटॉपमध्ये एका वेळी ६० जीबी मटेरियल होतं, तीन पूर्ण कोर्स, आणि मी प्रत्येकाचा पहिला चतुर्थांश बघितला होता. म्हणजे सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडणं) तीन जणांकडून शिकलो आणि एसीएल कोणाकडूनच नाही.

मुख्य सोर्स म्हणजे जो पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण करायचा तो. एकतर व्हिडिओ कोर्स किंवा पुस्तक. सिस्को प्रेसची अधिकृत पुस्तकं दोन व्हॉल्यूममध्ये आहेत, सखोल आहेत, पण इंग्लिश जड वाटणाऱ्याला आणि दिवसभर काम करून रात्री वाचणाऱ्याला झोप आणतात, मला आणली. मी यूट्यूबवरचा जेरेमीज आयटी लॅबचा सीसीएनए कोर्स मुख्य धरला, पूर्ण फुकट आहे, दिवसांप्रमाणे व्हिडिओ लावलेत, प्रत्येकाबरोबर पॅकेट ट्रेसरची (कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) लॅब आणि अँकी या ॲपची फ्लॅशकार्ड दिलेली आहेत. पुस्तक मी फक्त अडलं की उघडायचो. तुमचं उलट असू शकतं, काही जणांना व्हिडिओत डुलकी लागते. दोन-तीन दिवस दोन्ही करून बघा आणि मग एकावर शिक्का मारा. दुसरा सोर्स कधी उघडायचा? एखादा टॉपिक मुख्य सोर्समधून दोनदा करून पण डोक्यात शिरला नाही तर, फक्त त्या टॉपिकपुरता, आणि लगेच बंद.

भाषेबद्दल थोडं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण मराठी मीडियममधलं. मराठी किंवा हिंदीतून समजून घेण्यात काही कमीपणा नाही, मी स्पॅनिंग ट्री हिंदी व्हिडिओतूनच समजलो. पण मराठीत पेपर नाही, त्यामुळे मुख्य सोर्स इंग्लिश ठेवलेला बरा, स्पीड ०.७५ करा, सबटायटल लावा, नोट्स मराठीत लिहा आणि टर्म इंग्लिशच ठेवा. प्रश्नांचा सराव मात्र इंग्लिशमध्येच, कारण पेपरमध्ये 'नॉट' किंवा 'टू ऑफ द फॉलोइंग' असलं काहीतरी वाक्यात दडलेलं असतं आणि ते वाचायची सवय नसेल तर येत असलेला प्रश्न जातो.

लॅब

लाल टिंबवाल्या टॉपिकसाठी पॅकेट ट्रेसर घ्या, सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचं अकाऊंट काढलं की फुकट मिळतं, माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर चालायचं. लॉगिन करताना 'कीप मी लॉग्ड इन' ऑन करून ठेवा, नाहीतर नेमकी रेंज गेली की तेही उघडणार नाही. जीएनएस-३, ईव्ह-एनजी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची नावं ऐकाल, चांगली आहेत, पण त्यांना रॅम लागते, सिस्कोच्या सॉफ्टवेअरच्या इमेज फाईल वेगळ्या लागतात, आणि सेटअप करण्यातच पंधरा दिवस जातात. सीसीएनएसाठी गरज नाही. जुने राऊटर-स्विच विकत घेऊ नका, खारी हवा त्यांना तुमच्या आधी खाऊन टाकेल.

लॅबचं मटेरियल निवडताना एकच बघायचं, त्यात मोडलेली, म्हणजे मुद्दाम चूक घातलेली, लॅब आहे का. सगळं नीट लिहून दिलंय आणि तुम्ही कमांड उतरवून काढताय ती लॅब टायपिंगचा सराव. दोन स्विचमधल्या ट्रंकवर एका बाजूला नेटिव्ह व्हीलॅन १ आणि दुसरीकडे ९९, आता शोधा पिंग का जात नाही, अशी लॅब दिली असेल तर तो माल खरा. पेपरमध्ये लॅब टाईपचे प्रश्न पण येतात, तिथे हीच नजर लागते. मिळाली नाही अशी लॅब तर मित्राला सांगा माझ्या फाईलमध्ये दोन चुका करून दे. माझी फाईल चुलतबहीण मोडून द्यायची, तिला नेटवर्किंगचं काही येत नव्हतं, कुठेही आकडा बदलायची, त्यामुळे शोधायला आणखी कठीण.

डम्प: घेऊ नका, आणि का ते बघा

हे थोडं लांबवतो कारण टेलिग्रामवर, क्लासच्या ग्रुपवर सगळीकडे हेच फिरतं. डम्प म्हणजे खऱ्या पेपरमधून चोरलेले किंवा तसं सांगून विकलेले प्रश्न. पेपरआधी आपण जो करार मान्य करतो त्यात प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत हे असतं, आणि पकडला गेलात तर निकाल रद्द, पुढे परीक्षेला बंदी. एवढं असूनही लोक घेतात. ठीक आहे, नैतिकतेचं बाजूला ठेवा, माल म्हणून बघू.

माझ्याकडच्या पीडीएफमध्ये एक प्रश्न होता. राऊटरला दोन रूट माहिती आहेत: १०.१.०.०/१६ स्टॅटिक, म्हणजे हाताने टाकलेला, आणि १०.१.१.०/२४ ओएसपीएफने शिकलेला. १०.१.१.५ ला जाणारं पॅकेट कुठून जाईल? पीडीएफमध्ये उत्तर: स्टॅटिक, कारण त्याचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कमी आकडा म्हणजे जास्त भरवशाचा रूट) १ आणि ओएसपीएफचा ११०. वाचायला अगदी बरोबर वाटतं, मी पाठ केलं. दुसऱ्या वेळी अभ्यास करताना सहज पॅकेट ट्रेसरमध्ये तीन राऊटर लावून ट्रेसराऊट मारला तर पॅकेट ओएसपीएफच्या रस्त्याने गेलं. कारण राऊटर आधी सगळ्यात नेमका जुळणारा रूट बघतो, /२४ हा /१६ पेक्षा नेमका, तिथेच निकाल लागला. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स कधी बघतात, तर एकच नेटवर्क, एकच मास्क, आणि दोन ठिकाणांहून कळलंय, तेव्हा. म्हणजे डम्पने मला चुकीचं उत्तर शिकवलं ते एक, आणि वर चुकीचं कारण शिकवलं, जे पुढच्या दहा प्रश्नांत मला खड्ड्यात घालत राहिलं असतं. बहुतेक घातलंच.

ओळखायचं कसं: "रिअल एक्झाम क्वेश्चन्स", "१०० टक्के पास गॅरंटी" असं लिहिलेलं असतं, आणि उत्तराखाली स्पष्टीकरण नसतं किंवा एका ओळीचं असतं.

प्रॅक्टिस टेस्ट: पैसे खर्च करायचेच तर इथे

चांगल्या प्रॅक्टिस टेस्टचे प्रश्न बनवणाऱ्याने स्वतः लिहिलेले असतात, खऱ्या पेपरच्या धर्तीवर. घेण्याआधी सॅम्पल प्रश्न मिळतात, त्यातले चार-पाच सोडवा आणि स्पष्टीकरण वाचा. बरोबर उत्तर का बरोबर हे सगळेच सांगतात, बाकीचे तीन पर्याय का चूक हे सांगितलंय का ते बघा. उदाहरणार्थ १९२.१६८.१०.६४/२६ मध्ये होस्टला देता येणारा शेवटचा ॲड्रेस कुठला असा प्रश्न असेल, उत्तर १९२.१६८.१०.१२६, तर चांगला सेट हेही सांगेल की .१२७ हा ब्रॉडकास्ट आहे म्हणून तो चालत नाही, .१२८ हा पुढच्या सबनेटचा नेटवर्क ॲड्रेस, आणि कोणी /२७ समजून हिशोब केला तर .९४ येतो, म्हणून तो पर्याय तिथे मुद्दाम ठेवलाय. असं स्पष्टीकरण म्हणजे अर्धा क्लास.

दोन गोष्टी आणखी तपासा. सिस्कोच्या पेपरमध्ये एकदा 'नेक्स्ट' दाबलं की मागे जाता येत नाही, तर टेस्टमध्ये तसा मोड आहे का. आणि निकाल सहा भागांप्रमाणे वेगवेगळा दाखवते का, नुसते ७२ टक्के कळून उपयोग नाही. पासिंगला ८२५ लागतात, ८०० लागतात असं ऐकाल, सिस्को हा आकडा जाहीर करत नाही, त्यामागे लागू नका.

टेस्ट आधीच घेऊन ठेवू नका. अभ्यास पूर्ण झाल्यावर, पेपरच्या महिना-दीड महिना आधी. सुरुवातीलाच घेतली तर उत्तरंच पाठ होतात आणि ९५ टक्के पडायला लागले की वाटतं आपण तयार, मग खरा प्रश्न थोडा फिरवून आला की संपलं.

क्लास लावू का?

एकट्याने बसवत नसेल तर लावा, त्यात काही वाईट नाही, काही जणांना रोज कुठेतरी जावं लागलं तरच अभ्यास होतो. पण फी भरण्याआधी प्रिंट घेऊन जा आणि विचारा, यातलं किती शिकवता, लॅबचे तास किती, आणि टेराफॉर्म-ॲन्सिबल कोण शिकवतं. मी ज्या क्लासच्या नोट्स वापरल्या तिथे प्लेसमेंटबद्दल अर्धा तास बोलले आणि सिलॅबसबद्दल पाच मिनिटं. प्रिंट टेबलावर ठेवली की समोरच्याचा चेहराच सांगतो.

आपल्याकडे राहून अभ्यास करायचा तर

पुण्या-मुंबईतल्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यात हे नसतं. पावसाळ्यात लाईनवर झाड पडलं की लाईट दोन-दोन दिवस नाही, टॉवरचा बॅकअप संपला की रेंज पण नाही. त्यामुळे मटेरियल निवडताना ते ऑफलाईन चालतं का हा प्रश्न माझ्यासाठी बाकी सगळ्याच्या बरोबरीचा. यूट्यूब आणि उडेमी दोन्हीच्या ॲपमध्ये डाऊनलोड करता येतं, मी रविवारी कणकवलीला गेलो की मित्राच्या दुकानातल्या वायफायवर आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्यायचो. फक्त ब्राऊझरमध्ये चालणाऱ्या लॅब किंवा टेस्ट पावसाळ्यात घेऊ नका. अँकी एकदा कार्ड घेतली की बिन-नेटचं चालतं, अँड्रॉईडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. एसटीने नांदगाव तिठ्यापर्यंत जाताना मी पोर्ट नंबर त्यावरच पाठ केले, एसएसएच २२, टेलनेट २३, डीएनएस ५३, मधे कंडक्टर तिकीट विचारायचा तेव्हा पण तोंडात तेच.

आणि कॅलेंडर. गणपती, शिमगा, एप्रिल-मे मध्ये बागेचं काम, हे धरूनच कोर्स निवडा. ज्या कोर्सचं सबस्क्रिप्शन दर महिन्याचं आहे तो सीझनमध्ये चालू ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, एकदाच पैसे घेणारा किंवा फुकटचा बरा.

पेपर घरून पण देता येतो, पण मी तो नाद केला नाही. खोलीत कोणी येता कामा नये, नेट तुटता कामा नये, आणि आमच्या घरी दुपारी कोणीतरी "हाय काय रे कोण घरात?" करत थेट आत येतंच. परीक्षा घेणाऱ्या पीअर्सन व्ह्यूच्या साईटवर जवळचं सेंटर शोधा, मी पुण्याला आदल्या दिवशी जाऊन राहिलो. अकाऊंट काढताना नाव आयडीवर आहे तसंच टाका, आपल्याकडे कुठल्या कागदावर आडनाव आधी, कुठल्यावर वडलांचं नाव मधे, कुठे नुसतं अक्षर, सेंटरवर जाऊन हे लक्षात आलं तर फी गेली.

दुसरी परीक्षा असेल तर

पद्धत तीच, तराजू वेगळा. कॉम्पटिया (आयटीची सर्टिफिकेटं देणारी संस्था) वाले ऑब्जेक्टिव्ह्जची, म्हणजे सिलॅबसची, पीडीएफ देतात आणि दर काही वर्षांनी कोड बदलतात: सिक्युरिटी प्लसचा एसवाय०-६०१ जुलै २०२४ अखेर बंद झाला, आता ७०१ आहे, तर ६०१ चं पुस्तक कोणी देत असेल तर नको म्हणा. ए प्लसला दोन पेपर असतात आणि दोन्ही एकाच सीरिजचे लागतात, ११०१-११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये संपले, नवीन १२०१-१२०२. अ‍ॅझ्युअरच्या एझेड-९०० ला मायक्रोसॉफ्ट लर्नवरचं फुकटचं मटेरियल आणि तिथलीच फुकट प्रॅक्टिस असेसमेंट पुरते, पैसे घालवू नका. एडब्ल्यूएसचं एक्झाम गाईड नीट वाचा, त्यात काय येणार नाही हेही लिहिलेलं असतं. रेड हॅटचा आरएचसीएसए हा लिनक्सचा पूर्ण हाताने करायचा पेपर, पर्यायी प्रश्न नाहीतच, त्यामुळे त्याच्या नावाखाली एमसीक्यूची प्रश्नपेढी विकत असेल तर तिथून निघा, एका जुन्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन टाकून मॅन पेज (लिनक्समध्येच असलेली कमांडची माहिती) वाचायची सवय लावा.

फेल झालात तर

सिस्कोच्या पेपरला पुन्हा बसायला पाच दिवस थांबावं लागतं, पण पाच दिवसांत बसू नका, फी पूर्ण लागते. निकालाच्या कागदावर सहाही भागांचे टक्के येतात, ते तुमच्या त्या प्रिंटवर भागांच्या नावासमोर लिहा. माझं आयपी कनेक्टिव्हिटी आणि ऑटोमेशन पडलं होतं, बाकी बरं होतं. जिथे कमी पडलात त्या भागाचंच मटेरियल बदला, आणि बदलताना वरची तीन ठिकाणं पुन्हा तपासा, बाकीच्या भागांचं जे चाललंय ते तसंच राहू द्या, नुसती फ्लॅशकार्ड फिरवत राहा.